कुठल्या काठापासून

“यांचं हे तुमीच बघा, महबूबभाई,” म्हणत चंद्रव्वावहिनींनी बसवराजचा कॉम्प्युटर माझ्या टेबलावर ठेवला. त्याला जाऊन दोन महिने झाले होते. त्याचा प्रोग्राम नव्या मशीनवर चालत नाही, त्यात लिहिलेल्या चादरींच्या नक्ष्या आता वाया जाणार, असे कारखानेवाल्यांचे रोज फोन येत होते.

एकोणीस वर्षं आम्ही बोलत नव्हतो. त्याच्या मातीलासुद्धा मी गेलो नाही. सांगायला लाज वाटते.

याच टेबलावर शेजारी बसून आम्ही नक्षी लिहायची एक भाषा तयार केली होती. ‘दहा धागे सोड, चार उचल’ असं लिहिलं की माग तसं विणायचा. भाषा एकच, पण ती वाचणारे प्रोग्राम दोन. एक त्याचा, एक माझा. धागे कुठल्या काठापासून मोजायचे, हे लिहून ठेवायचं मात्र दोघंही विसरलो. मी उर्दू शाळेतला, उजवीकडून मोजले. त्यानं डावीकडून. वर्षभर कुणाला पत्ता नाही, कारण आमची फुलं दोन्हीकडून सारखीच असायची. मग एका मंडळानं नाव विणलेल्या दोनशे चादरी मागवल्या. नक्षी त्याची, प्रोग्राम माझा. सगळी नावं उलटी विणली गेली. तू बदल, नाही तूच बदल, यावरून जे फाटलं ते फाटलंच.

“त्यांचं पुसून तुमचं घाला म्हणालेत कारखानेवाले,” वहिनी म्हणाल्या. “पुसायचं का?”

खोटं कशाला बोलू, इतकी वर्षं मला हेच हवं होतं. काय काय टाकून देता येईल ते बघायला मी त्याचा प्रोग्राम उघडला. मधोमध एक ओळ होती: फाइल महबूबची असेल तर उजवीकडून मोज. पुढं तारीख. भांडणानंतरचा आठवा दिवस.

हे त्यानं कधी सांगितलं का नाही, असं मी वहिनींना विचारलं.

“महबूब एक डाव दारात आला की दावतो, म्हणायचे.”

माझा बांध फुटला.

मग मी माझ्या प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: फाइल बसवराजची असेल तर डावीकडून मोज. त्या मंडळाची जुनी फाइल लावली. पडद्यावर नाव सरळ आलं.

वहिनी कॉम्प्युटर उचलायला लागल्या. “राहू दे हितंच,” मी म्हटलं. टेबलाची डावी बाजू त्याची होती. तिथले माझे कागद उचलून मी जागा केली.