कादंबरीत नसलेली आई

"या कादंबरीत ओबुंगाला आई नाही," अविनो बाईंनी माझी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही तिच्यावर दीड पान लिहिलंय, न्यार कानो. कुठून आणली ही बाई?"

सगळा वर्ग हसला. वर्ग म्हणजे आम्ही दहा-बारा पिकल्या केसांची माणसं. मासळी वाळत घातली की दुपारी चर्चच्या पडवीत जमायचो. न्यार कानो म्हणजे कानोकडची लेक. लग्न होऊन या गावात आले त्या दिवसापासून सगळे मला हेच म्हणतात. माझं खरं नाव फक्त परीक्षेच्या अर्जावर आहे.

"आईशिवाय काय तो पपईतून पडला?" माझ्या शेजारची डोरिना म्हणाली. "असणारच की कुठेतरी."

"असेल. पण पुस्तकात नाही," बाई म्हणाल्या. "स्वभावचित्र लिहायचं ते पुराव्यानिशी. पान दाखवा, वाक्य दाखवा."

मला अक्षरं आली एकोणसाठाव्या वर्षी. आता सहासष्ट चालू होतं आणि शाळेतली मुलं देतात तीच मोठी परीक्षा मी देणार होते. नेमलेली कादंबरी ओबुंगाची. तो सरोवरावर माणसं ने-आण करणारा नावाडी. शेवटच्या प्रकरणात तो धुक्यात होडी घालतो आणि पुस्तक संपतं. मी बाईंना वाक्य कुठून दाखवणार? लिहिताना ती बाई मला काठावर उभी दिसत होती, एवढंच खरं.

तेवढ्यात दाराशी बसलेल्या अपोंडीच्या मांडीवरचं बाळ पुन्हा रडायला लागलं. अपोंडी माझी धाकटी सून. बाळ नऊ दिवसांचं होतं आणि चार दिवस रडत होतं. दूध तोंडात घ्यायचं नाही, चमच्याने चार थेंब जायचे तेवढेच. दवाखान्यातल्या नर्सने तपासून सांगितलं होतं की दुखणं काही नाही, पण उद्यापर्यंत प्यायलं नाही तर नळी घालावी लागेल. त्याला घरी ठेवायचा मला धीर नव्हता, म्हणून दोघांना वर्गात आणलं होतं.

आमच्यात बाळ असं रडलं की घरातल्या मेलेल्यांची नावं घेतात. ज्याला परत यायचं असेल त्याचं नाव आलं की बाळ शांत होतं आणि पितं. माझ्या दिरांनी आदल्या दिवशी सगळी नावं घेतली. आजा, पणजा, साप चावून गेलेली आत्या, जुळ्यांतला एक. बाळ रडतच राहिलं.

"अजून कोणी राहिलंय का, वहिनी?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

कोण राहिलंय ते सगळ्यांना माहीत होतं. मगाक, माझा थोरला. तीन वर्षांपूर्वी जाळं घेऊन गेला. होडी मिळाली, तो मिळाला नाही. पुढे एका ट्रकवाल्याने सांगितलं की पलीकडे म्वांझाला सिमेंटची पोती उचलताना त्याच्यासारखा एक जण पाहिला. मी ते वाक्य धरून बसले होते. जित्या माणसाचं नाव रडत्या बाळावर घेत नाहीत. घेतलं की तो मेला.

"हं, तर प्रश्न असा," बाळाच्या रडण्यावर आवाज चढवून बाई म्हणाल्या, "ओबुंगा शेवटी मरतो का?"

"मरतो," डोरिना म्हणाली.

"जिता आहे," मी म्हटलं. "मेला असं कुठे लिहिलंय? पान दाखव."

"लेखकाने ते मोकळं सोडलंय," बाई म्हणाल्या.

"मोकळं सोडायला तो काय शेळी आहे?" म्हातारा न्याक्वाका मागून खेकसला. त्याची हयात होड्या बांधण्यात गेली. "माणूस आहे. मेला असेल तर पुरा, नसेल तर जेवायला वाढा. या लेखकाला कुणी शिकवलं नाही वाटतं."

बाई हसल्या आणि मला म्हणाल्या, "शेवटचं पान वाचा. तुमचा पुरावा तिथेच शोधू."

मी बोट ठेवून वाचायला लागले. माझं वाचन सावकाश. 'ओबुंगाने दोर सोडला,' मी वाचलं आणि बाळ गप्प झालं.

दमून गप्प होतं तसं नाही. कुणी हाक मारावी आणि कान द्यावा तसं. मी थांबले. ते रडलं. 'ओबुंगाने मागे पाहिलं नाही,' मी पुढे वाचलं. ते गप्प झालं.

"दुसरं कुणाचं नाव वाच," डोरिना हळूच म्हणाली. मी ओबुंगाच्या बायकोचं वाचलं, मग मुकादमाचं. बाळ रडत राहिलं. पुन्हा ओबुंगा म्हटलं तशी पडवीत एवढी शांतता झाली की पत्र्यावर चालणाऱ्या पाखराची नखं ऐकू आली. अपोंडीने घाईने त्याला पदराखाली घेतलं. पण त्याने तोंड लावलं नाही. डोळे उघडे ठेवून ते दाराकडे बघत होतं. नऊ दिवसांचं बाळ असं बघत नाही. दारात ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

"जो जन्मलाच नाही तो मरेल कसा?" डोरिना पुटपुटली. "आणि मेला नाही तो नाव मागायला येईल कसा? कोण आलंय हे?"

"ज्याला त्याच्या नावाने कुणी हाक मारत नाही," न्याक्वाका म्हणाला, "तो मिळेल त्या नावाने येतो."

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पाहत नव्हते हेच मला सोसेना.

अविनो बाई शहरात शिकलेल्या. त्या म्हणतील हा योगायोग आहे, असं मला वाटलं. पण त्या माझ्याजवळ येऊन बाकावर टेकल्या आणि वहीवर हात ठेवून विचारलं, "तुमच्या उत्तरातली ती आई काठावर उभी राहून काय करते?"

"काही नाही. गप्प राहते."

"मुलाला हाक मारत नाही?"

"नाही."

"मग तिचा स्वभाव सांगा, आई."

त्यांनी पहिल्यांदाच मला आई म्हटलं. शूर लिहावं असं वाटत होतं. तीन वर्षं तेच वाटत होतं.

"भित्री आहे ती," मी म्हटलं.

मग मी उठले. पुस्तक बाकावर राहिलं. अपोंडीच्या मांडीवरून बाळ घेतलं, त्याचं अंग वाळल्या पानासारखं हलकं लागलं. त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "मगाक."

त्याने दारावरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी ते अपोंडीला परत दिलं. थोड्या वेळाने दूध गिळल्याचा आवाज यायला लागला. एकेका घोटाचा आवाज ऐकू येत होता आणि एकेका घोटाबरोबर माझा थोरला मरत होता.

शनिवारी मगाकला पुरला. ज्याचं शरीर सापडत नाही त्याच्या जागी आम्ही यागोच्या झाडाचं फळ पुरतो. हातभर लांब, तपकिरी, वजनाला चांगलं जड. दिरांनी ते पांढऱ्या चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. मी अंगणात पोचले तर खणणाऱ्यांचं काम संपलं होतं. गुडघाभर खोल, दोन हात लांब खड्डा.

"फळच तर आहे," त्यातला एक जण घाम पुसत म्हणाला. "एवढं पुरे, काकू."

"माझ्या मुलाचं डोकं दाराच्या चौकटीला लागायचं," मी म्हटलं. "पुरा खणा."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कुदळी उचलल्या. त्याचे पाय कुठवर येतील ते त्यांना कळावं म्हणून मी तिथे जाऊन उभी राहिले.