अहो, उठा

आमच्या ह्यांचं नाव दिनकर. ते मी तोंडाने एकदाच घेतलं होतं, लग्नात, नणंदांनी दार अडवून धरलं तेव्हा, उखाण्यात गुंडाळून. त्यानंतर 'अहो'वर भागलं. साताऱ्यात भागलं, कुवेतला आल्यावर हवल्लीच्या फ्लॅटमध्येही भागलं. नडलं ते समुद्रावर.

हे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत टेक्निशियन. त्यांच्या सेक्शनला इद्रीस नावाचा मोरोक्कोचा इंजिनीअर होता. तिकडच्या गार समुद्रात तो लहानपणापासून फळीवर उभा राहून लाटांवरून घसरत आलेला. आमच्या इथल्या लाटेला एरवी लाट म्हणायची लाज वाटावी. पण हिवाळ्यात दक्षिणेकडून वारा सुटला की फहाहीलच्या पुढे, वाळूच्या किनाऱ्यावर, कमरेएवढ्या लाटा यायच्या. खाली खडक नाही, पाणी उथळ, पडलं तर नाकातोंडात वाळू जाणार एवढंच. शिकायला याहून चांगली जागा नाही, असं इद्रीस म्हणाला आणि चाळिशी ओलांडलेले आमचे हे हुरळले. इद्रीसचा जुना काळा रबरी पोशाख त्यांनी अंगात घातला. त्याची चेन पाठीवर असते. ती लावायची मी, काढायचीही मी. माझं काम तेवढंच, बाकी थर्मास घेऊन वाळूत बसायचं.

रत्नमालाला मीच नेलं. मी नोकरी करते त्या हॉस्पिटलातली नर्स, मूळची वेंगुर्ल्याची, लग्न झालेलं नाही. शुक्रवारी हॉस्टेलवर एकटी बसून राहते, म्हणून म्हटलं चल. मला 'शामलाताई, शामलाताई' करायची. वाटलं, दोघी गप्पा मारू.

ती कसली बसते? कोकणातली पोर, समुद्र दिसला की हिचे पाय थांबेनात. आधी वाकून पाणी कपाळाला लावलं, आणि सलवार, वर स्वेटर, अशी त्या बर्फासारख्या पाण्यात कमरेपर्यंत शिरली.

फळीवर पालथं पडलं की तोंड किनाऱ्याकडे असतं, मागची लाट दिसत नाही. इद्रीस दोन-चारदा ढकलून द्यायचा आणि मग स्वतःच्या लाटांमागे लांब निघून जायचा. मग कधी उठायचं ते सांगणार कोण? रत्नमाला. ती ह्यांच्या समोर पाण्यात उभी राहून मागची लाट बघायची.

"दिनकरराव, आता उठा हां," ती पहिल्या दिवशी म्हणायची. तेवढं म्हणेपर्यंत लाट निघून गेलेली असायची. हे पाण्यात, ती हसतेय, हेही हसतायत. पुढच्या शुक्रवारी 'हां' गेलं. मग 'आता' गेलं. मग 'राव' गेलं.

"दिनकर, ऊठ!"

आणि हे उठले. गुडघे वाकवून, हात पसरून, चक्क उभे राहिले आणि किनाऱ्यापर्यंत आले. मी टाळ्या वाजवल्या. हातांना कळत होतं की मनात नाही.

समुद्रातलं समुद्रात राहिलं असतं तर मी गिळलं असतं. पण त्या संध्याकाळी आमच्या घरी जेवताना ती सहज म्हणाली, "दिनकर, मीठ दे रे जरा." आणि ह्यांनी दिलं. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "शामलाताई, आमटी काय मस्त झालीय हो." मला हो, ह्यांना रे. माझ्या टेबलावर, माझ्या ताटात जेवून. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

ती गेल्यावर मी भांडी आपटत विचारलं, "आता अरेतुरे का?"

"अगं, पाण्यातली सवय आहे ती," हे म्हणाले. "तू कशाला मनावर घेतेस?"

म्हणजे मनावर घेणारी मीच वाईट.

पुढच्या शुक्रवारी रत्नमालाला ड्यूटी लागली. मला इतका आनंद झाला की मी सकाळी शिरा केला. किनाऱ्यावर पोचल्यावर इद्रीस नेहमीसारखा लांब गेला. मी चपला काढल्या, साडी गुडघ्याच्या वर खोचली आणि पाण्यात शिरले. गारठ्याने दातावर दात आपटत होते. पण आज हे माझ्या शब्दावर उठणार होते, मला तेवढंच हवं होतं.

लाट आली. मी ओरडले, "अहो, उठा!"

ह्यांनी मान वर केली. "काय गं?"

आणि पडले.

पुन्हा तेच. अठरा वर्षांची सवय, 'अहो' ऐकलं की हातातलं टाकून 'काय गं' म्हणायचं. ह्यांना कळत होतं, तरी तोंडातून निघून जात होतं. तिसऱ्यांदा पाणी प्यायल्यावर हे वैतागले. "रत्नमालाला बरोबर जमतं," खोकत खोकत म्हणाले. "तू जाऊन बस शामला, गारठशील."

मी गेले नाही. मागे पाणी फुगताना दिसलं. 'अ' ओठावर आला होता, तो मी गिळला.

"दिनकर, ऊठ!"

हे उठले. असे कधी उठले नव्हते. माझ्या शेजारून सरसरत गेले, थेट ओल्या वाळूपर्यंत. मी पाण्यातून धडपडत त्यांच्यामागे निघाले. साडी चिंब, आणि इतकी खूश की हसू आवरत नव्हतं.

हे फळी काखेत धरून उभे होते, ओठ निळे, चेहरा उजळलेला. माझ्या डोक्यावरून त्यांची नजर सगळीकडे फिरली.

"रत्नमाला कधी आली?" त्यांनी विचारलं. "ड्यूटी होती ना तिची?"

"ती नाही आली. मी होते."

त्यांनी काखेतली फळी वाळूत ठेवली. मग म्हणाले, "तू नको गं तसं म्हणूस. कसंतरीच वाटतं. तुझ्या तोंडी आपलं अहोच बरं."

"आणि तिच्या तोंडी कसं वाटतं?"

नेहमीसारखी चेन काढायला त्यांनी माझ्याकडे पाठ केली. पाठीवरून पाणी ओघळत होतं, वाऱ्याने ते कुडकुडत होते, तरी माझे हात मी पदरातून बाहेर काढले नाहीत.

"दिनकर," मी म्हटलं, "मी काहीतरी विचारलंय."