हेब्बाळच्या शर्यतीतला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, बॅटरीवर चालणारा, तोंडाशी धरून बोलायचा. कारखान्यात मला पांढरा रंग दिला, पोटात सहा सेल बसवले आणि एकच काम शिकवलं : कानावर येईल ते मोठं करायचं. काय सांगावं आणि काय झाकावं, हे कुणी शिकवलं नाही.

बंगळूरला मला पुरुषोत्तमरावांनी घेतलं. माणूस पुण्याचा, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, उत्साह दांडगा. गणेशोत्सव, रक्तदान, सहली, सगळीकडे मी. लोक म्हणत, काय खणखणीत आवाज! मी फुशारून जायचो.

सत्त्याण्णव साली त्यांनी हेब्बाळ तलावाजवळ धावण्याची शर्यत ठेवली. बिळिगिरीच्या डोंगरात सोलिग आदिवासींच्या पाड्यांवर फिरता दवाखाना जावा, म्हणून. जडेम्मा तिथलीच पोरगी. इथे कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची, चार मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहायची. तिला क्षय झाला होता. औषधानं ती बरी होत आली होती, डॉक्टरांनी धावायची परवानगीही दिली होती. पण खोलीवर कळलं असतं तर तिचा आसरा गेला असता. म्हणून तिनं हे फक्त पुरुषोत्तमरावांना आणि त्यांच्या बायकोला, मुग्धावहिनींना, सांगितलं होतं.

"अहो, तिचं नाव घेऊ नका हं," शर्यतीच्या सकाळी, भाषणाआधी वहिनींनी बजावलं.

"अगं, खरी केस ऐकली की लोक जीव तोडून धावतात," असं म्हणत त्यांनी मला तोंडाला लावलं.

मी आजार सांगितला. नावही सांगितलं, अगदी तलावापलीकडे ऐकू जाईल असं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्याबरोबर धावायला आलेल्या खोलीवरच्या मैत्रिणींनी मात्र जडेम्माचा हात सोडला आणि त्या मागे सरकल्या.

शिट्टी झाली. सगळे धावले, जडेम्मा तिथेच उभी राहिली. पुरुषोत्तमराव ओशाळून तिच्याकडे गेले आणि सवयीनं त्यांनी पुन्हा मलाच तोंडाला लावलं. "जडेम्मा, आय अ‍ॅम सॉरी..." मी गरजलो.

तिनं माझ्या तोंडावर तळहात दाबला. "सर, स्वल्प हळू," ती म्हणाली. "आता मी राहू कुठे, तेवढं सांगा."

दवाखाना सुरू झाला. लोक अजून त्या शर्यतीचं कौतुक करतात, आणि मला माझ्या आवाजाची लाज वाटते. मित्रांनो, मला पुसून कपाटात ठेवलंत की मला जपलंत, असं समजू नका. दुसऱ्याचं दुःख माझ्यातून सांगण्याआधी ते ज्याचं आहे, त्याला विचारा. तो नको म्हणाला, तर माझं बटण दाबू नका. मला स्वतःला गप्प बसता येत नाही.