शीतळाईच्या ओटीत

खडकवाडीच्या शीतळाईच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. चैत्राचं ऊन माथ्यावर आलं होतं, तरी पाटणकडून आणि कोयनेच्या खोऱ्यातून माणसं येतच होती. कडुनिंबाच्या डहाळ्यांनी सभामंडप हिरवागार झाला होता. त्या हिरव्या सावलीत, घोंगडीवर, नाथाजी पाटलाची सात-आठ वर्षांची साळू पडली होती. अंगावर देवीचे फोड इतके दाट की बोट टेकवायला जागा नाही. वाऱ्याबरोबर वास येत होता, पण कुणी मागं सरत नव्हतं. मागचे पुढच्यांना रेटत होते.

"बगा रं, डोळं फाडून बगा!" शीतळनाथबुवा गरजला. उंच, गोरटेला, चेहऱ्यावर एक वण नाही. उघड्या अंगाला राख फासलेली आणि उजव्या दंडात पंजाएवढं रुंद चांदीचं कडं. साळूच्या ओठांना लावलेली आंबिलीची वाटी त्यानं उचलली आणि उरलेली आंबील घटाघटा पिऊन टाकली. मग पोरीला मांडीवर घेऊन तिच्या गालाला गाल लावला.

"धा गावांतल्या लेकरांचं उष्टं खाल्लं मी! आईनं येक ठिपका दिला का मला? ही आईची फौज हाय, आन् मी तिचा सुभेदार! जो आईच्या वटीत बसला, त्येला आई मारत न्हाई. आन् सरकारच्या सुईला भ्याली, ती आई कसली?"

लोकांनी जयजयकार केला. बायकांनी पदर पसरले.

गर्दीच्या कडेला डॉक्टर उमा गाडगीळ उभी होती. वाईत जन्मलेली, मुंबईत शिकलेली. एका प्रयोगशाळेत सहा वर्षं तिनं देवीच्या विषाणूचाच पिच्छा पुरवला होता. कोंबडीच्या अंड्यात तो विषाणू वाढवला की अंड्याच्या आतल्या पडद्यावर पांढरे ठिपके उठायचे. पण देवीतून उठलेल्या माणसाच्या रक्ताचा निवळ रस त्यात आधी मिसळला, की ठिपके जवळजवळ उठतच नसत. त्या रसात शरीरानं स्वतः घडवलेले पहारेकरी असायचे. शास्त्रात त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. हे पहारेकरी किती वर्षं टिकतात, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी मागल्या साथींतून वाचलेल्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायला ती या खोऱ्यात आली होती.

तिच्या शेजारी लालासाहेब होते, तालुक्याचे देवी काढणारे. लस टोचायची पेटी त्यांनी धोतराच्या सोग्यात लपवली होती.

"बाई, पेटीचं नाव काढू नगा हितं," ते पुटपुटले. "मागल्या खेपंला दगडं घातली मला." त्या बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या दिवसांत सातारा जिल्ह्यात सरकारी माणूस म्हणजे फौजदाराचा कान, असंच गावं धरून चालायची. खडकवाडीत कित्येक वर्षांत एकाही पोराला लस टोचलेली नव्हती.

बुवानं हात वर केला. "पुनवंला गावातली समदी पोरं हितं रांगेत फालीन करायची! येकेक आईच्या वटीत बसंल, साळूचं उष्टं खाईल. येकबी मागं ऱ्हायला न्हाई पायजे!"

उमानं गर्दीतली पोरं नजरेनं मोजली. समदी पोरं. एकाही पोराच्या रक्तात एकही पहारेकरी नाही.

"पुरावा पायजे?" बुवानं एका बाईला पुढं ओढलं. "हरणाबाई, सांग!"

हरणाबाईनं आपला चार वर्षांचा गुंडा उचलून धरला. "मागल्या बाजारच्या दिशी वटीत बसवला मी ह्येला. बगा, कसा उड्या मारतोय!"

गुंडा हसला. लोकांनी पुन्हा जयजयकार केला. उमानं मात्र मनात हिशेब केला. देवीचा विषाणू अंगात शिरल्यावर दीड-दोन आठवडे गप्प बसतो. खेळणारं पोर खेळत राहतं आणि आत तो वाढत राहतो. बुवा चमत्कार म्हणून मिरवत होता ती ही शांतता होती.

तिनं हरणाबाईला बाजूला गाठलं. "ताप आला, कंबर दुखते म्हणाला, तर मला सांगा. शाळेत उतरले आहे मी."

"असं वंगाळ कशापायी बोलताय, बाई?" हरणाबाई तोंड फिरवून निघून गेली.

शाळेच्या पडवीत उमा स्वस्थ बसू शकली नाही. बुवा ढोंगी होता, पण त्यानं पोरीचं उष्टं खाल्लं होतं ते खरंच. मग त्याला देवी का येत नव्हत्या? तोंडावर व्रण नाहीत, म्हणजे देवी येऊन गेलेल्या नसाव्यात. आणि कारणाशिवाय कुणाचं रक्त असं तयार होत नाही.

"लालासाहेब, हा बुवा कुठला?"

"घाटाखालचा म्हनत्यात. दोन वर्सं झाली. त्येच्या आदी कुटं व्हता, कुनाला ठावं न्हाई."

"फौज, सुभेदार, फालीन. देवळात हे शब्द कुठून आले? पलटणीत भरती झालेल्या गड्याला पहिल्यांदा काय करतात हो?"

"देवी काढत्यात की! दंडावर..." लालासाहेबांची बोटं आपल्याच दंडावर गेली, बुवाचं कडं असतं तिथं.

पुनवेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, हरणाबाई धावत आली. डोक्यावर पदर नव्हता.

"बाई, पोरगं तापानं फनफनलंय. कंबर धरून रडतंय. बुवा म्हनतो, कुनापाशी बोलू नगंस, उद्याचं काम हून जाऊ दे."

गुंडाच्या कपाळावर हात ठेवताच उमाला कळलं. तिनं खोटा धीर दिला नाही. "आता ह्याला लस टोचून उपयोग नाही, हरणाबाई. उशीर झाला. पण मी त्याला सोडून जाणार नाही."

हरणाबाई भिंतीला टेकली. मग तिनं विचारलं, "आन् उद्याची पोरं?"

"ती अजून आपल्या हातात आहेत."

पुनवेला पोरं न्हाऊन-माखून, कपाळाला कुंकू लावून रांगेत उभी राहिली. काही झोपाळलेली, काही रडणारी. साळूचा श्वास आता घुसमटत होता. बुवानं पहिल्या पोराचा दंड धरला, तेवढ्यात उमा गर्दी कापत मंडपात शिरली. ती घोंगडीवर बसली, साळूचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या उशाची वाटी उचलून उरलेली आंबील प्यायली. लसही कधी कधी दगा देते, हे तिच्याइतकं तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढच्या बायका मागं सरल्या.

"मेली!" बुवा किंचाळला. "बाटवलं! आता आई हिला सोडत न्हाई!"

"मला काही होणार नाही," उमा म्हणाली. "तुलाही होत नाही, आणि दोघांचं कारण एकच आहे." तिनं पोलक्याची बाही वर सारली. दंडावर लसीचे गोल, खोलगट वण होते. "या आंबिलीत चमत्कार नाही. माझ्या रक्तात लसीनं पहारा बसवलाय. आता तू ते कडं काढ."

"आईचं कडं हाय ह्ये! हात लावंल त्येचा वंस बुडंल!"

कुणी हललं नाही. मग साळूचा बाप, नाथाजी पाटील, उठला. "माजा वंस हितं घोंगडीवर पडलाय," तो म्हणाला. "आनिक काय बुडायचं ऱ्हायलंय?" त्यानं बुवाचा हात पिरगाळला आणि कडं ओढून काढलं.

राख न लागलेल्या गोऱ्या कातडीवर चार गोल वण होते.

मागून पलटणीचा पेन्शनर मानसिंग पुढं आला. त्यानं सदऱ्याची बाही वर केली. "आरं, ह्ये तर माज्याबी दंडावर हायत! भरती झालो तवा टोचलं व्हतं." रजेवर आलेल्या दुसऱ्या एका गड्यानं बाही सारली, मग तिसऱ्यानं. सगळ्यांच्या दंडांवर तेच वण.

"कंच्या पलटणीत व्हतास रं सुभेदारा?" मानसिंगनं विचारलं. बुवानं हात हिसकला, पण नाथाजीनं तो सोडला नाही.

तेव्हा हरणाबाई पुढं झाली. "माजा गुंडा घरी तळमळतोय," ती ओरडली. "ह्यानं मला गप बसवलं. आईच्या न्हाई, मरनाच्या वटीत घातलं माज्या पोराला! आन् आज तुमची घालनार हाय!"

रांग मोडली. आयांनी पोरं उचलली. बुवाला चावडीत कोंडलं आणि लालासाहेबांनी शाळेच्या पडवीत पेटी उघडली. सगळे आले नाहीत. काहींनी दारं लावून घेतली, ती उघडायला पुढं आठवडा गेला. दोन घरांत तोवर उशीर झाला होता.

साळू दोन दिवसांनी गेली. गुंडा वाचला, पण त्याचा डावा डोळा गेला. उमा त्याच्यापाशी महिनाभर राहिली. तो बसता झाला तेव्हा हरणाबाईनं विचारलं, "बाई, आमचं काय चुकलं वो? आमी तर आईला हात जोडलं व्हतं."

"हात जोडलेत त्यात चूक नाही," उमा म्हणाली. "विचारलं नाहीत, ते चुकलं. विषाणूला भक्त कळत नाही आणि पापीही कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की रक्तात पहारा आहे की नाही. उद्या कुणी विस्तव खाईल, कुणी रोग्याचं उष्टं खाईल. त्याच्या पाया पडण्याआधी विचारा, ह्याच्या अंगात असं काय आहे, जे माझ्या पोराच्या अंगात नाही? आणि उत्तर मिळेपर्यंत पोर आपल्याच कडेवर ठेवा."