पहिलं मत साक्षीला

वालचंदनगरच्या जुन्या क्वार्टर्सच्या शेवटच्या ओळीत केसरबाईंचं खेळघर होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत त्यांनी ते सुरू केलं. कॉलनीतल्या लोकांनी कुणी जुना टीव्ही दिला, कुणी कॅरम, कुणी वापरून टाकलेले मोबाईल. आठवी ते दहावीची मुलं शाळा सुटली की तिथं जमायची. नवा खेळ आला की आधी तो पारखायचा आणि मगच कपाटात ठेवायचा, हा तिथला नियम होता.

बाईंची पारखायची रीत मात्र लोकांना जरा चमत्कारिक वाटे. खेळणाऱ्यांकडे त्या फारशा बघतच नसत. बाद झालेल्याकडे बघत. तो किती वेळ नुसता बसून राहतो, बसल्या बसल्या काय करतो, पुन्हा आत येताना त्याचा चेहरा कसा असतो. संगीत खुर्ची त्यांनी केव्हाच बंद केली होती आणि धडाधड गोळ्या झाडायचा एक व्हिडिओ गेम मात्र पास केला होता. पालक भांडायला आले तेव्हा म्हणाल्या, "अहो, त्यात मेलेला मुलगा डोळ्याचं पातं लवतंय तोवर परत उभा राहतो. खुर्चीवरून उठवलेली मुलगी खेळ संपेपर्यंत भिंतीला टेकून असते. मला तिची काळजी जास्त."

त्या शनिवारी दुपारी दीपक आला. तो बाईंचा जुना विद्यार्थी, आता पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. स्वतःच्या डोक्यातून त्यानं एक खेळ तयार केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीत किशोरांचा मेळावा भरणार होता, दोन तालुक्यांतल्या शाळांमधून मुलं येणार होती. बाईंनी पास केलेलेच खेळ तिथं मांडायचे, अशी आयोजकांची अट होती.

"बाई, आपल्या मातीतला खेळ आहे," दीपक टीव्हीला वायर जोडता जोडता म्हणाला. "पडद्यावर गाव. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. त्यातला एकजण चोर, ते फक्त त्यालाच माहीत. रात्री तो कुणाची तरी धान्याची कणगी रिकामी करतो. सकाळी सगळ्यांनी चर्चा करायची, संशय कुणावर ते ठरवायचं आणि मत द्यायचं. ज्याला जास्त मतं पडली तो वेशीबाहेर. चोर निघाला तर गाव जिंकलं. नाहीतर पुढची रात्र."

"वेशीबाहेर म्हणजे?"

"त्याचा मोबाईल काळा होतो. डाव संपेपर्यंत त्यानं तिकडं स्टुलावर बसायचं. बोलायचं नाही. गावाचा फील येतो बघा एकदम."

बाईंच्या आजोबांचं घर वेशीबाहेर होतं. पण क्वार्टर्समध्ये वाढलेल्या दीपकला वेस फक्त चित्रातली माहीत, आणि नुसत्या एका शब्दावरून मुलाची मेहनत मोडीत काढणं त्यांना पटेना. "खेळून तर बघू," त्या म्हणाल्या.

सहाजण खेळायला बसले. कॉलनीतली राजनंदिनी, बोलायला लागली की सगळ्यांना ऐकावंच लागेल अशी. तिचा उजवा हात म्हणजे सुयोग. कशातही विनोद शोधणारा माऊली. प्रगती आणि संस्कृती या जुळ्या बहिणी. आणि साक्षी.

साक्षी सुप्याकडची. तिच्या आईला, कुशाबाईला, इथल्या कँटीनमध्ये काम मिळालं म्हणून वर्षाच्या मध्येच ती नववीत इथं आली. आधीच्या शाळेत मुलींनी तिला एकटं पाडलं होतं. शेवटी शेवटी ती शाळेच्या वेळेला पोट दुखतंय म्हणून निजून राहायची. कुशाबाईनं बाईंना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, पोरीनं लई सोसलंय. हितंबी तसंच व्हायला लागलं, तर मी तिला बहिणीकडं ठिवीन. शाळा गेली चुलीत. माझी पोर मला हाती लागली म्हंजे झालं."

म्हणजे पुन्हा एकदा असं काही झालं, की साक्षीची शाळा संपलीच. बाईंना ते ठाऊक होतं. म्हणूनच गेले कितीतरी दिवस त्या तिला धीर देऊन आत ओढत होत्या. आधी ती उंबऱ्यात बसायची. मग चटईच्या कडेला. आज पहिल्यांदा ती आपणहून इतरांच्या रांगेत बसली होती.

पहिला डाव सुरू झाला. टीव्हीवर रात्र झाली, कुत्री भुंकली, सकाळ झाली. प्रगतीची कणगी रिकामी.

"साक्षी," राजनंदिनी लगेच म्हणाली. "बघा कशी गप्प बसलीय."

"मी न्हाय," साक्षी हळूच म्हणाली.

"न्हाय म्हणते, न्हाय!" सुयोगनं तिच्यासारखा सूर काढला. सगळे हसले आणि साक्षीसुद्धा हसली. मतं पडली. साक्षी वेशीबाहेर. चोर ती नव्हतीच.

दुसऱ्या डावात सगळ्यात आधी तीच गेली. तिसऱ्यातही तीच. तिसऱ्या वेळी तर चर्चाही झाली नाही, माऊली नुसतं "नेहमीचं गिऱ्हाईक" म्हणाला आणि मतं पडून गेली. खेळ रंगला होता, आरडाओरडा चालला होता, दीपक खुशीत होता. बाई मात्र स्टुलाकडे बघत होत्या. साक्षी तोंडावर हसू धरून बसली होती. कुणी तिच्याकडे बघत नसतानाही ते हसू उतरत नव्हतं. नखांनी ती स्टुलाचं फाटलेलं रेक्झिन सोलत होती.

खेळ झाला की सभा. ही रीत मुलांनीच आणली होती. आजोबांचं बोट धरून साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा बघून आलेली मुलं ती. विषय वाचून व्हायच्या आत हात वर करून ओरडायचं त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"विषय क्रमांक एक," माऊली घसा साफ करत म्हणाला, "दीपकदादांचा खेळ पास—"

"मंजूर! मंजूर! मंजूर!"

सगळ्यात मोठा आवाज साक्षीचा होता.

बाईंना तो आवाज कळला. नको म्हणणारी एकटी पडते, हे ती पोर मागच्या शाळेतून शिकून आली होती. आता काय करावं? खेळ नापास केला, तर कारण विचारतील. कारण सांगितलं, तर सहा वाजायच्या आत कॉलनीभर होईल की साक्षीमुळं दीपकदादाचा खेळ गेला. आणि पास केला, तर उद्या बारामतीत प्रत्येक टीव्हीसमोर एक स्टूल असेल आणि त्यावर कोण बसेल, हे त्या त्या वर्गाला आधीच माहीत असेल.

दीपक चार्जरची वायर गुंडाळायला लागला होता. "चला बाई, उजेडात निघतो. इंदापूर रोडला उसाच्या ट्रॉल्या लागल्या की गाडी पुढं सरकत नाही."

"थांब," बाई म्हणाल्या. "एक डाव राहिला. मेळाव्यात गोंगाट असेल. तोंडानं चर्चा कशी होणार?"

"सोय आहे ना. मोबाईलवर लिहायचं. ज्याच्या नावाचा मोबाईल, त्याच्या नावानं ते टीव्हीवर दिसतं."

"मग तसा खेळू." बाईंनी सगळे मोबाईल मागून घेतले, पदराखाली धरून खाली-वर केले आणि न बघता एकेकाच्या हाती एकेक दिला. "आता कुणाच्या हातात कुणाचं नाव आहे, ते कुणी दाखवायचं नाही. पडदा झाकून धरा. तोंडातून शब्द काढायचा नाही."

"म्हणजे मी माऊली असू शकतो?" सुयोग ओरडला. "अरे देवा, माझी अब्रू!"

"तुझी अब्रू घेऊन मी कुठं जाऊ?" माऊली म्हणाला.

बाईंच्या मनात एवढंच होतं की निदान एक डाव स्टुलावर दुसरं कुणी बसावं. बसल्यावर कसं वाटतं ते त्याला कळावं. मोबाईल कुणाकडे कुठला गेला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

टीव्हीवर रात्र झाली. सकाळी माऊलीच्या नावाची कणगी रिकामी. खोलीत फक्त बोटांची टकटक. पडद्यावर एकेक ओळ उमटू लागली.

सुयोग: कोण रे चोर

साक्षी: मी नाही हां, आधीच सांगते. माझ्याकडे पुरावा आहे, मी रात्री दिवा लावून बसले होते

राजनंदिनी: काय रे सुयोग, लई घाई झाली तुला

संस्कृती: हाहाहा

साक्षी: सुयोगवरच लक्ष ठेवा. तोच पहिला बोलला

राजनंदिनी: कोणी विचारलं का तुला? मला तर साक्षीचाच डाउट येतो

आणि मतं पडली. साक्षी, साक्षी, साक्षी, साक्षी. साक्षी वेशीबाहेर.

"अरे!" राजनंदिनी ताडकन उठली. तिच्या हातातला मोबाईल काळा झाला होता. "नाव तिचं आहे, पण मी आहे ना आत! एवढं लिहिलं मी! कुणी वाचलं तरी का?"

"वेशीबाहेर बोलायचं नसतं," माऊली खुदखुदला. राजनंदिनी पाय आपटत स्टुलावर जाऊन बसली.

आता सगळे एकमेकांकडे चोरून बघायला लागले. राजनंदिनीचं नाव मग आहे कुणाकडे? पडद्यावरची राजनंदिनी अगदी राजनंदिनीसारखीच बोलत होती. तसंच दरडावत होती, मध्येच लाडीगोडी लावत होती. तिनं सुयोगच्या नावावर बोट ठेवलं, सुयोग गेला. प्रगतीवर ठेवलं, प्रगती गेली. कुणी तिच्यावर संशय घेतलाच नाही. आणि अखेरीस पडद्यावर कणग्यांचा ढीग दिसला. चोर जिंकला. चोराचं नाव राजनंदिनी.

"कुणाकडे होता तो फोन?" दीपकनं विचारलं.

साक्षीनं हात वर केला.

हे बाईंनी योजलं नव्हतं. आता एक शब्द वाकडा पडला, एक हसू चुकीचं निघालं, की ही पोर पुन्हा उंबऱ्यातही दिसायची नाही.

"आयला," सुयोग म्हणाला. "म्हणजे तूच तुझं नाव घेतलंस?"

"मग काय करू?" साक्षी म्हणाली. "मला म्हाईत हुतं. माझं नाव घेतलं की कुणीबी इचार करणार न्हाय. लगीच समदे येत्यात."

तिनं ते रडून सांगितलं नाही, की कुणाला टोमणा म्हणूनही नाही. कॅरमवर सोंगटी कुठल्या कोनातून जाते ते सांगावं, तसं सांगितलं. सुयोगनं मान खाली घातली. माऊलीला त्यावर काही विनोद सुचला नाही.

"पण मी गप्प नव्हते," स्टुलावरून राजनंदिनीचा आवाज आला. नेहमीचा नव्हे, बारीक. "ती गप्प बसते म्हणून आपण तिला काढतो, असंच म्हणत होतो ना आपण? मी तर सगळ्यांत जास्त बोलले."

दीपकच्या हातातली वायर हळूहळू उलगडत जमिनीवर आली. त्यानं बाईंकडे बघितलं. बाईंना त्या बघण्याचा अर्थ कळला. उद्याचा मेळावा, आयोजकांना दिलेला शब्द, सगळं त्यांच्या एका वाक्यावर लटकलं होतं.

"मी बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "सभा पुन्हा घ्या. आता अध्यक्ष साक्षी."

साक्षी गोंधळली. "अध्यक्षानं काय करायचं असतंय?"

"माईक धरायचा आणि विरोध करणाऱ्याला खाली बसा म्हणायचं," माऊली पुटपुटला. कुणीतरी फिसकन हसलं आणि खोलीतली हवा जरा हलली.

"नामंजूर," राजनंदिनी म्हणाली. "माझ्याकडून नामंजूर." सुयोगनंही हात वर केला.

"थांबा की जरा!" साक्षी एकदम म्हणाली. "आत्ता तर मला मजा आली. जिंकले मी." मग ती दीपककडे वळली. "दादा, खेळ चांगला हाय. पन नावं काढा त्यातली. रंग द्या, नायतर झाडं द्या. आन् ते भायेर घालवायचं काढा. ज्याला काढलं त्याला चोर कोण ते दिसू द्या. त्यानं बोलायचं न्हाय, पन काहीतरी खूण करायची. मग त्यालाबी काम ऱ्हातंय. नुसतं बसून..." तिनं वाक्य तिथंच सोडलं.

दीपकनं वायर उचलून बाजूला ठेवली. "नावं आजच्या आज निघतील," तो म्हणाला. "बाकीचं नाही होणार उद्यापर्यंत. आठवडा तरी लागेल."

"मग उद्या नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, लोकांना सांगितलंय मी."

"माहीत आहे मला." त्यांनी आवाज चढवला नाही आणि नजरही हटवली नाही. वर्गात आकडेमोड चुकली की त्या त्याच्याकडे अशाच बघायच्या, रागावून नव्हे, तो स्वतः खोडेल याची वाट बघत.

दीपकनं फोन काढला आणि बाहेर ओट्यावर गेला. खेळ उद्या येणार नाही, तयार नाही अजून, असं तो कुणाला तरी दोन-तीनदा सांगताना ऐकू आलं. परत आला तो लॅपटॉप उघडूनच. "खूण कसली करायची? नीट सांग," तो साक्षीला म्हणाला, जरा तुटकच.

कँटीन सुटल्यावर कुशाबाई आली, तेव्हा आतून मुलींचे चढे आवाज येत होते. त्यात एक तिच्या लेकीचा होता. ती फाटकाशीच थबकली. चेहरा उतरला. ओट्यावर उभ्या असलेल्या बाईंना तिनं दबक्या आवाजात विचारलं, "भांडान झालं व्हय वो? मी तिला घिऊन जाती."

"आत बघा आधी," बाई म्हणाल्या.

चटईच्या मधोमध साक्षी आणि राजनंदिनी एकाच पडद्यावर वाकून हुज्जत घालत होत्या. साक्षीचे कान लाल झाले होते.

"तुला खोटं बोलायलाच येत न्हाय," साक्षी सांगत होती. "लगीच पुरावा कशाला द्यायचा? पुरावा दिला की मानूस फसतंय."

"मग शिकव ना, एवढी शहाणी आहेस तर!"

"साक्षे," कुशाबाईनं हाक मारली. "चल, उशीर झाला."

साक्षीनं मान वर केली नाही. "आये, थांब की गं. हिला अजून चोर व्हायाच येत न्हाय."

कुशाबाईनं डब्याची पिशवी खाली ठेवली आणि ती ओट्यावर टेकली.