चार दिवस हात लावू नये

आसपासचे सगळे तिला कवळीबाई म्हणत. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून देणं हा तिचा धंदा. त्यामुळे कुठली गोष्ट घट्ट व्हायला किती वेळ लागतो आणि मध्येच घाई केली की कशी वाट लागते, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. वडिलांच्या जुन्या मोटरसायकलची टाकी आतून गंजली आणि पेट्रोल ठिबकायला लागलं, तेव्हा तिने ती घरीच सील करायला घेतली.

तीन रविवार त्यात गेले. टाकी रिकामी करून धुतली, आत मूठभर नट टाकले, जुन्या रजईत गुंडाळून खांदे भरून येईपर्यंत खुळखुळवली. तांबडं पाणी संपता संपेना. अखेर आतला पत्रा चमकला. तो कोरडा करून तिने सीलचं दाट द्रावण ओतलं आणि कानाकोपऱ्यात सारखा थर बसावा म्हणून टाकी मांडीवर घेऊन तासभर फिरवत बसली. मग गॅलरीतल्या टेबलावर ठेवून वर चिठ्ठी चिकटवली : चार दिवस, शुक्रवारपर्यंत, हात लावू नये.

मंगळवारी कामावरून आली तर टेबल रिकामं.

"दादा आला होता," आई म्हणाली. "चक्कर मारून येतो म्हणाला."

"टाकी कोणी बसवली?"

"त्यानेच. त्याला काय येत नाही?"

अर्ध्या तासाने दादा गाडी ढकलत, घामाघूम होऊन दारात आला. "तुझं सील काही खरं नाही बाई. चौकात बंदच पडली." असं म्हणत त्याने खिशातून एक चुरगळलेला कागद काढला आणि हात पुसले. तिचीच चिठ्ठी होती ती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वाचता येत नाही तुला?"

"अगं, बोट लावून बघितलं मी. वाळलं होतं."

"वरून! आतून कच्चं होतं ते. चार दिवस लिहिलं होतं, ते काय हौस म्हणून?"

तिने टाकीत तार घालून वर ओढली. दुधावरची साय निघावी तसा थर निघाला, लिबलिबीत, पेट्रोलने फुगलेला. तुकडे पार कार्बोरेटरपर्यंत गेले असणार.

"जाऊ दे ना गं," आई मध्ये पडली. "मोठा आहे तो."

"मोठा आहे म्हणून नुसतं बोलतेय. लहान असता तर कान पिळला असता."

"नवी टाकी आणून देतो, मग तर झालं?" दादा वैतागला. "एवढ्याशा गोष्टीचा केवढा तमाशा!"

"नवी नको. माझे तीन रविवार आणून दे."

तो पाय आपटत गेला. आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

तिने सगळं पहिल्यापासून केलं. औषध घालून कच्चा थर सोडवला, तुकडा तुकडा बाहेर काढला, पुन्हा नट, पुन्हा रजई. गाडी चालवायला वडिलांनी दादाला शिकवलं होतं आणि तिला फडकं घेऊन उभं केलं होतं. ते आठवलं की टाकी आणखी जोरात हलायची. दुसरा थर दिल्यावर टाकी तिने स्वतःच्या खोलीत ठेवली आणि कुलूप घातलं. चार दिवस झाले, वर एक दिवस जादा दिला. मग बसवली. एक थेंब गळला नाही.

पुढच्या महिन्यात दादा आला. "चावी दे गं, जरा जाऊन येतो."

"नाही."

तो हसला. ती हसली नाही. त्याने आईकडे बघितलं. आई चादरीची घडी घालत होती. तिने ती मोडली आणि परत घालायला घेतली.

"अगं, एवढं काय..."

"बस मिळते कोपऱ्यावर," ती म्हणाली.

तो जरा वेळ घुटमळला, मग बूट घालायला बसला. ओढताना बुटाची नाडी तुटली. तिला अजिबात वाईट वाटलं नाही.