चालवून पाहिलं

"टाका की माझं नाव, मॅडम. नावाला काय भाडं पडतंय व्हय?"

पवन घारेने वडापावचा शेवटचा घास तोंडात कोंबला आणि तेलकट बोटं टेबलावरच्या कॅलेंडरला पुसली. रेणुका ओव्हाळने त्याच्याकडे चहात पडलेल्या माशीकडे पाहावं तसं पाहिलं. तळेगावच्या या कंपनीत तो सर्व्हिस इंजिनिअर होता. इंजिनिअर म्हणजे काय, तर गुलाबाच्या पॉलिहाऊसमधला कंट्रोलर बंद पडला की मोटारसायकलवरून जायचं, त्याला दोन चापट्या मारायच्या आणि मालकाचा चहा पिऊन परत यायचं. कंट्रोलरच्या आत जी सिस्टिम चालते ती रेणुकाने लिहिली आहे, हे त्याला माहीत होतं. सिस्टिम म्हणजे काय हे माहीत असल्याचं मात्र कधी दिसलं नव्हतं.

"खोटं लिहू?" तिने विचारलं.

"कुनाला कळतंय? त्यो जर्मन काय तळेगावला बघाया येनार हाय का?"

"मला कळेल."

प्रकरण होतं एका ई-मेलचं. कंपनीच्या जुन्या कंट्रोलरमध्ये पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर होता. कॉम्प्युटरवाल्यांनी आणि लॅपटॉपवाल्यांनी कधीच सोडून दिलेला, पण पॉलिहाऊसच्या दमट उकाड्यात वर्षानुवर्षं निमूट राबणारा. तो प्रोसेसर बसवलेल्या बोर्डावर लिनक्स, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली फुकटची सिस्टिम, चालावी म्हणून त्या बोर्डाची सगळी कुंडली रेणुकाने लिहून काढली होती. मेमरी कुठे, पॉलिहाऊसच्या पडद्याची मोटर कोणत्या तारेवर, धुकं सोडणाऱ्या फॉगरला हुकूम कुठून जायचा, सगळं. ते लिनक्सच्या जगभरच्या मूळ प्रतीत सामील झालं आणि त्यापुढे ते सांभाळणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव लागलं. औंढ्याच्या बौद्धवाडीतल्या हौशीराम ओव्हाळांच्या मुलीचं. कॉलेजात तिचे मार्क बघण्याआधी आडनाव बघणारे पुष्कळ भेटले होते. तिथे, त्या यादीत, ओव्हाळ म्हणजे कोण हे कुणाला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. कोड बरा आहे एवढंच कळत होतं. अशी दुसरी जागा तिला आयुष्यात सापडली नव्हती.

आता तिकडच्या एका मुख्य माणसाने, एका जर्मनाने, विचारलं होतं, 'हा बोर्ड अजून कुणी चालवतं का? नसेल तर पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो.' सांभाळणाऱ्याने स्वतःच 'हो' म्हणून चालत नाही, असा रिवाज. दुसऱ्या कुणीतरी खऱ्या बोर्डावर चालवून, स्वतःच्या नावाने तसं लिहून द्यावं लागतं.

त्या एका ओळीची रेणुकाला भारी चाड. लग्नातल्या आहेरासारखी ही नावं फिरतात, तू माझ्या कामाला दे, मी तुझ्या कामाला देतो, हे ती ओळखून होती. मागे एका कोरियन पोराने न बघताच नाव दिलं, तेव्हा तिने चारचौघांत त्याचा असा पाणउतारा केला, की तो पुन्हा तिथे फिरकला नाही. त्याबद्दल तिला वाईट वगैरे काही वाटलं नव्हतं.

चाचणीसाठी ती आधी निलेश सरांकडे एक जुना बोर्ड मागायला गेली होती. हे साहेब पुण्याहून आलेले, नवे. केबिनच्या भिंतीवर गरुडाचं चित्र आणि खाली उंच भरारीचा उपदेश. स्वतःची भरारी खुर्चीपासून एसीच्या रिमोटपर्यंत.

"रेणुका, पॉवरपीसी म्हणजे लेगसी," ते म्हणाले. "आपल्याला नवा कंट्रोलर विकायचाय. जुन्याला सलाइन कशाला लावतेस? आणि बोर्ड तर तुझ्या घरी आहेच ना?"

घरी होता. पण दोन पावसाळ्यांपूर्वी औंढ्याला वीज पडली, त्यात जळाला. तेव्हापासून ती नव्या आवृत्त्या लॅपटॉपवरच बघत होती, बोर्डाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एका प्रोग्रामवर. बोर्ड तिला तोंडपाठ होता. तो जवळ असला काय, नसला काय. दर वेळी ती 'चाचणी केली आहे' असं लिहीत होती. कशावर केली ते कुणी विचारलं नव्हतं. हे निलेश सरांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांना नक्कल आणि अस्सल यातला फरक कळला असता, तर ते त्या खुर्चीत बसले नसते, असं तिचं मत होतं.

"उद्या शिरगावला नंदाबाईंच्या पॉलिहाऊसवर जाऊ," ती पवनला म्हणाली. "तुम्ही तुमच्या हातांनी चालवून बघायचं. मग नाव."

"उद्या गुरुवार. साईबाबाची गर्दी."

"असू दे."

गर्दी व्हायची तेवढी झालीच. रस्त्यात आडव्या लावलेल्या गाड्या आणि देवाला जातानाही हॉर्नवरचा अंगठा न काढणारे भक्त. रेणुका मोटारसायकलवर मागे बसून एकेकाच्या अकलेचं मनातल्या मनात माप काढत होती. पॉलिहाऊसवर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

नंदाबाई दारातच उभ्या होत्या. "कंट्रोलर बंद करनार? आवं, फॉगर थांबला की फुलं मान टाकत्यात. लय येळ लागंल का?"

"पाच मिन्टं, मावशी," पवन म्हणाला. "मॅडमनी सोता बनवलंय."

त्याने कंट्रोलर बंद करून त्यातलं सिस्टिमचं जुनं मेमरी कार्ड काढलं, नव्या आवृत्तीचं रेणुकाचं कार्ड घातलं, लॅपटॉपची वायर जोडली आणि बटण दाबलं. डोक्यावरचं धुकं थांबलं होतं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. रेणुकाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिला त्या पाठ होत्या. ती पवनकडे बघत होती, या माणसाला इंग्रजीत स्वतःचं नाव तरी नीट लिहिता येत असेल का, असा विचार करत.

"मॅडम, थांबलं."

ओळी मध्येच अडल्या होत्या. कार्ड नीट बसलं नसेल, ती म्हणाली. त्याने काढून पुन्हा घातलं. ओळी पुन्हा तिथेच अडल्या. मग तिने त्याला बाजूला सारून स्वतः घातलं. तरी तिथेच.

"तुमी तर म्हनला व्हता, तपासलंय," पवन म्हणाला.

"तपासलंय."

"कशावर?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तो कॅलेंडरला हात पुसणाऱ्याने. "लॅपटॉपवर," ती म्हणाली.

"हां. म्हंजे बोर्ड बघितलाच न्हाई." तो टोमणा नव्हता. बिघाडाचं कारण सापडल्यावर मालकाला सांगावं तशा सुरात तो म्हणाला होता. रेणुकाच्या मात्र कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

ती उलट्या क्रेटवर बसली आणि कोड उघडला. दोष सापडायला वेळ लागला नाही. प्रोसेसर कामापुरता मजकूर आपल्याजवळ उशाशी ठेवतो; तो वेळेवर मोठ्या मेमरीत ढकलावा लागतो, नाहीतर कार्ड वाचणाऱ्या भागाला जुनाच कचरा मिळतो. ते ढकलण्याचं काम करणाऱ्या दोन ओळी पूर्वी तिथे होत्या. बोर्ड जळल्यानंतरच्या दिवाळीत साफसफाई करताना, कुणा बावळटाने उगाच घातल्यात असं समजून तिनेच त्या काढल्या होत्या. नकली बोर्डाला असं उशाशी ठेवणं माहीतच नव्हतं. त्यामुळे तिथे सगळं सुरळीत चाललं. तिने लिहिलं, चाचणी केली आहे.

"घावलं का?" पवनने विचारलं.

"सापडलं."

"मग लिवा की परत. मी हितंच हाय. चालू झालं की टाका नाव. आता तर खरंखुरं व्हईल."

दोन ओळी लिहायच्या होत्या. बोटं कीबोर्डवर होती, आणि तिथेच थांबली. त्या दिवाळीनंतर कितीतरी आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यातली एकही या बोर्डावर, पृथ्वीच्या पाठीवर कुठेही, सुरू झाली नसणार. आणि तक्रार? एकही नाही. कोरियातून नाही, जर्मनीतून नाही, तळेगावातून नाही. त्या जर्मनाने, चालेल का, असं विचारलंच नव्हतं. कुणी चालवतं का, असं विचारलं होतं. त्याचं उत्तर केव्हाच आलं होतं. ते ऐकायचं सोडून ती जगाला नावं ठेवत बसली होती.

तिला स्वतःची शिसारी आली. त्या कोरियन पोराने निदान एकदाच थाप मारली होती.

"आवं, फुलं बघा की!" दारातून नंदाबाई ओरडल्या. जवळच्या वाफ्यातल्या कळ्या खरोखरच कलायला लागल्या होत्या.

"पवनभाऊ, जुनं कार्ड घाला," रेणुका म्हणाली आणि लिहायला लागली. दुरुस्ती नव्हे. बोर्डाचा सगळा भाग मूळ प्रतीतून काढून टाकायचा बदल. कारण म्हणून लिहिलं, 'खऱ्या बोर्डावर बऱ्याच आवृत्त्यांपासून सुरू होत नाही. चूक माझी. चाचणी फक्त नकली बोर्डावर केली होती. कुणाची तक्रार आलेली नाही.' काढायच्या प्रत्येक ओळीपुढे वजाची खूण उमटत गेली. सांभाळणाऱ्याच्या नावाची ओळ सर्वांत वर होती. तिच्यापुढेही उमटली.

मग ती थांबली. "तुमच्या नावाचं स्पेलिंग सांगा."

"माझं? ते तर बंद पडलं की."

"बंद पडलेलं तुम्ही डोळ्यांनी बघितलंत ना?"

"व्हय. तीनदा बघितलं."

"मग चालवून पाहिलं म्हणून तुमचंच नाव लागतं."

पवनने तिच्याकडे पाहिलं. थट्टा नाही अशी खात्री झाल्यावर त्याने हात पँटला खसाखसा पुसले आणि एकेक अक्षर सांगितलं, 'घारे' आहे, 'घरे' नव्हे, हे दोनदा बजावून. तिने ते लिहून त्याला दाखवलं. त्याने मान डोलावली आणि कार्ड घालून बटण दाबलं.

जुन्या कार्डावर तिची पहिली आवृत्ती होती, बोर्ड समोर ठेवून लिहिलेली. ओळी धावल्या, अडायच्या जागी अडल्या नाहीत. वरून बारीक फुसकारा आला आणि गुलाबांवर धुकं उतरायला लागलं.

"चाललं बाई," नंदाबाई म्हणाल्या आणि आपल्या कामाला लागल्या.

लॅपटॉपचा पडदा धुक्याने भरून गेला. रेणुकाने तो ओढणीने पुसला, वजाची खूण लागलेलं आपलं नाव आणि खाली पवन घारेचं, दोन्ही एकदा वाचलं, आणि पाठवून दिलं.